पोट्ट्यांच्या खोलीचं दार कोण वाजवते?

संपादक महोदय,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'रिटायर झाल्यावर काय' यावर पानभर छापलं. हास्यक्लब, भजनी मंडळ, युरोप टूर आणि खाली पैसे कुठं गुंतवायचे त्याचे चार सल्ले. वाचून झाल्यावर मी बायकोला म्हटलं, यात आपण कुठंच नाही. ती म्हणाली, मग लिहा ना, दिवसभर पेपरला नावं ठेवत बसता. म्हणून लिहून राहिलो. लांबलं तर कापा, पण गिझरचं कापू नका, काहून ते पुढे कळेलच.

मी वीज खात्यातला माणूस. लाइनमन म्हणून लागलो आणि खांबावरून उतरलो तेव्हा केस पांढरे झाले होते. आता नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. मागच्या वर्षी मुलीची डिलिव्हरी होती म्हणून आम्ही दोघं इंग्लंडला गेलो, प्रेस्टन म्हणून गाव आहे मँचेस्टरच्या वर, रिबल नदीच्या काठी. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा असतो, आम्ही पाच राहिलो. तिथं काम सगळं बायकोला आणि मी मोकळा. तिचे डिंकाचे लाडू वळून होईपर्यंत मी खिडकीत बसायचो आणि समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे बघायचो, कारण त्या गल्लीत बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

म्हातारबुवा माझ्याहून मोठे, सत्तरीच्या पुढचे. रोज पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. आजीबाईंनाही तशीच पट्टी. सकाळी कारच्या डिक्कीत काहीबाही भरायचे, एक दिवस गादी, एक दिवस मायक्रोवेव्ह, एकदा तर संडासाच्या सीटचं झाकण. मी जावयाला विचारलं, हे भंगाराचा धंदा करतात का? तो हसत सुटला. म्हणाला, बाबा ते मिशनरी आहेत.

आता मिशनरी म्हटलं की आपल्याकडे एक तर हात जोडतात नाही तर भुवया वर जातात. माझ्या वर गेल्या. पण जावयानं आणि नंतर त्या बुवांनी स्वतः जे सांगितलं ते वेगळंच निघालं. हे दोघं अमेरिकेतल्या आयडाहोचे. चर्चचं नाव लांबलचक, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक मॉर्मन म्हणतात, त्यांना मात्र ते नाव आता नको असतं. १८३० साली जोसेफ स्मिथनी न्यूयॉर्क राज्यात सुरू केलेलं, मुख्यालय सॉल्ट लेक सिटीला. यांच्यात मुलगा १८ वर्षांचा झाला की दोन वर्षं मिशनवर जाऊ शकतो, मुली जातात त्या दीड वर्ष. कुठं जायचं ते चर्च ठरवते, पोरानं मागायचं नाही. अशी ७० हजारांच्या वर तरुण पोरं-पोरी जगभर आहेत. पगार नाही, उलट खर्चाला घरच्यांनी हातभार लावायचा. राहायचं कायम जोडीनं, एकटं कुठं जायचं नाही, आणि जोडीदार कोण तेही वरून ठरते, दीड-दोन महिन्यांत बदलूनही जाऊ शकते. आणि या अठरा वर्षांच्या पोट्ट्याला म्हणायचं काय, तर 'एल्डर'. म्हणजे वडीलधारा! मिसरूड धड फुटलं नाही, बाप्पा, आणि वडीलधारा.

तर या वडीलधाऱ्यांना सांभाळायला खरे वडीलधारे लागतात, ते म्हणजे समोरचं जोडपं. यांच्या चर्चमध्ये रिटायर झालेली, मुलंबाळं मार्गी लागलेली जोडपी सहा महिन्यांपासून २३ महिन्यांपर्यंत अशी जातात, स्वतःच्या पैशानं. त्यांना दारोदार फिरायची सक्ती नसते. हे दोघं दीड वर्षाकरता आले होते आणि त्यांच्याकडे काम होतं पोरांच्या खोल्यांचं. भाडं भरलं का, फ्रिज चालतो का, भिंतीला ओल आली का, कोण आजारी आहे, कोणाला डेंटिस्टकडे न्यायचं आहे. बस एवढंच. धर्म शिकवायचं काम पोरांचं आणि संडासाचं झाकण बदलायचं काम यांचं.

ओळख कशी झाली ते सांगतो. आमच्या जावयाच्या घराचा एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा खटका, सारखा पडत होता आणि तो इलेक्ट्रिशियनला फोन लावत बसला होता. मी तोवर एक एक गोष्ट बंद करून शोधून काढलं की किटलीत लोचा आहे. नवी किटली घेऊन येताना बुवा भेटले, त्यांना ही गोष्ट मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली तर त्यांचे डोळेच चमकले. ते तिकडे जन्मभर शेतीचे पंप दुरुस्त करत होते. झालं, दोन मेकॅनिक भेटले की भाषेची गरज कोणाला असते.

हिनं मग त्यांना चहाला बोलावलं. छान आलं किसून, दूध आटवून केला आणि कप पुढे ठेवले तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यात चहा चालत नाही, कॉफी नाही, दारू नाही, सिगरेट नाही. दारू समजू शकतो पण चहा? हिचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं गवती चहा उकळून दिला, इंडियन दुकानात मिळाला होता, त्यात चहापत्ती नव्हतीच. तो चालला. पण मी अतिशहाणपणानं सांगायला गेलो की याला मराठीत गवती 'चहा' म्हणतात, तर आजीबाईंनी कप परत खाली ठेवला. ते समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. पुढे आम्ही तिथं असेपर्यंत त्या गुरुवारी संध्याकाळी यायच्या आणि तेच प्यायच्या, आणि हिच्या हातची सांबारवडी खायच्या. पुण्याच्या वाचकांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर.

एकदा त्यांच्या धर्माचं पुस्तक देऊन बघितलं त्यांनी. मी म्हटलं, आमचं आमच्यापाशी बरं आहे. बुवांनी हसून पुस्तक बॅगेत ठेवलं, परत विषय काढला नाही. मीही एकदा विचारलं की ज्याला आधीच देव आहे त्याच्या दारावर कोवळी पोरं काहून पाठवता, मला नाही पटत. ते म्हणाले की माझ्या हाती जी चांगली गोष्ट लागली ती मी शेजाऱ्याला दाखवणार, घ्यायची की नाही ते त्याचं. आम्ही दोघंही आपापल्या जागी राहिलो. मला अजूनही नाही पटत. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

पत्र आहे ते एका सोमवारबद्दल. सोमवारी त्या पोरांना सुट्टीसारखं असतं, कपडे धुवायचे, सामान आणायचं, घरी फोन करायचा. बुवा म्हणाले, चल आज माझ्यासोबत खोल्या बघायला. कार तेच चालवत होते. अमेरिकेचं लायसन्स तिथं एकच वर्ष चालते, मग इंग्लंडची ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. या वयात ते बसले आणि पहिल्यांदा फेल झाले, गोल चौकात चुकीच्या लेनमध्ये शिरले म्हणून. सांगताना लहान पोरासारखे लाजत होते.

पहिली खोली दुकानाच्या वर, जिना अरुंद. आत दोन पोरं. बुवांनी आधी पोरांकडे बघितलं, मग छताकडे. पाठीमागे आजीबाई झाडू घेऊन उभ्या. मला वाटलं झाडणार आहेत. बुवांनी झाडू उलटा धरला आणि दांड्याचं टोक छतावरच्या पांढऱ्या डबीच्या मधोमध दाबून धरलं. कर्कश्श भोंगा वाजला. सोडलं, बंद झाला. हा धुराचा. मग बॉयलरच्या कपाटाजवळ गेले, तिथं भिंतीवर दुसरी डबी, तिचं बटण बोटानं दाबलं, ती चार वेळा ओरडली. आजीबाईंनी वहीत खूण केली. हा कार्बन मोनॉक्साइडचा. मग फ्रिज उघडला, आत दूध, अंडी आणि अर्धा पिझ्झा. आजीबाईंनी काही न बोलता पिशवीतून सूपचा डबा काढून ठेवला आणि खिडकीच्या चौकटीवरची काळी बुरशी बोटानं पुसून वास घेतला. वहीत दुसरी खूण. पूर्ण भेट वीस मिनिटं. उपदेश शून्य.

त्या दोघांतला एक टोंगाचा होता. टोंगा म्हणजे प्रशांत महासागरातली बेटं, तिथल्या लोकसंख्येत या चर्चच्या लोकांचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त आहे. पोरगा एवढा आडवा-तिडवा की दारातून तिरका निघावा लागे, आणि नोव्हेंबरच्या त्या थंडीनं पार गारठलेला. बुवांनी त्याला विचारलं, आईशी बोललास? त्यानं मान हलवली आणि एकदम रडायला लागला. या पोरांना आता आठवड्यातून एकदा घरी फोन करता येतो, पण ते २०१९ च्या फेब्रुवारीपासून. त्याआधी वर्षाला दोनच फोन, एक ख्रिसमसला आणि एक मदर्स डेला, बाकी चिठ्ठ्या आणि ईमेल. बुवा स्वतः एकोणीस वर्षांचे असताना असेच गेले होते, तेव्हा तर नुसती पत्रंच. आजीबाई त्या पोराच्या शेजारी बसल्या आणि त्याच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी लावत राहिल्या. गुंडी लावून झाली तोवर त्याचं रडणं झालं होतं.

मला मात्र त्या भोंग्यानंतर काही सुचत नव्हतं. खाली कारमध्ये बसल्यावर बुवांनी विचारलं, तब्येत बरी नाही का. मग मी त्यांना जे सांगितलं ते इथं लिहितो.

हिच्या माहेरचा, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या एका गावचा पोरगा नागपूरला एमपीएससी करायला आला होता. राहायचा नंदनवनच्या पुढे, आमच्या घरापासून चार-पाच किलोमीटर. त्याची आई त्याला सोडायला आली तेव्हा आमच्या घरी जेवली आणि जाताना मला म्हणाली, "पोराकडं लक्ष ठेवजा जी भाऊ." मी म्हटलं, हाव ताई, चिंता करू नका. आणि आठ महिन्यांत मी एकदाही त्याच्या खोलीवर गेलो नाही. फोन करायचो, दिवाळीला घरी जेवायला बोलावलं, आपल्या हिशोबानं लक्ष ठेवलंच. जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा मालकानं बाथरूममध्ये गॅस गिझर बसवून दिला, सिलिंडरसकट आत. खिडकी नाही, वरची जाळी पुठ्ठ्यानं बंद केलेली, थंडी येते म्हणून. पोरगा आंघोळीला गेला आणि बाहेर आला नाही. जोडीदार क्लासहून लवकर परतला म्हणून वाचला, दार तोडून काढलं त्याला. तीन दिवस दवाखान्यात होता. मी पोचलो तेव्हा त्याची आई बाकड्यावर बसली होती. मला एक शब्द बोलली नाही, उलट उठून जागा दिली.

मी मेकॅनिक माणूस आहे संपादक साहेब, मला हे माहीत होतं. बंद जागेत गॅस जळत राहिला की ऑक्सिजन कमी पडते आणि मग जळणं अर्धवट होते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटते. माणसाला वाटते चक्कर आली, झोप आली. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात जिथं गॅसचा बॉयलर आहे तिथं हा भोंगा लावणं मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे मी त्या खोलीत एकदा जरी गेलो असतो तर दोन मिनिटांत ते सिलिंडर बाहेर काढलं असतं. गेलो नाही, एवढंच.

बुवा सगळं ऐकून गप्प बसले. मग म्हणाले की फोनवर सगळी मुलं बरी असतात. आणि गाडी पुढच्या खोलीकडे घेतली.

त्यांनी एक दिवस रिबलचा काठही दाखवला. त्यांच्या चर्चची सात माणसं १८३७ च्या जुलैमध्ये बोटीनं लिव्हरपूलला उतरून प्रेस्टनला आली होती आणि ३० जुलैला याच नदीत बाप्तिस्मा देऊन पहिले नऊ जण चर्चमध्ये घेतले. पहिला मान कोणाला म्हणून चक्क पळण्याची शर्यत लागली होती म्हणे काठावर. आता तिथून जवळच चोर्लीला त्यांचं मोठं मंदिर आहे, १९९८ चं, आणि शेजारी नव्या पोरांचं ट्रेनिंग सेंटर. मला नदी बघून आपले हिस्लॉप आठवले. मी हिस्लॉप कॉलेजात दोन वर्षं काढली आहेत, बीएस्सी झाली नाही ते जाऊ द्या. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात नागपूरला आले तेव्हा तेही तिशीच्या आतलेच मिशनरी. शाळा काढली, दगडधोंडे अभ्यासले, गोंडांच्या गोष्टी लिहून ठेवल्या. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं बघून घोड्यावर एकटेच परत येत होते, नाल्याला पूर, तिथंच गेले. बुवांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, सोबत कोणी नव्हतं? जोडीनं राहायचा नियम त्यांच्या हाडात मुरलेला.

हेही लिहितो की त्या दोघांना हे सगळं फुकट पडलं नव्हतं. घर भाच्याच्या हवाली करून आलेले, नातीचं लग्न त्यांनी फोनवर बघितलं, आजीबाई त्या दिवशी आमच्याकडे आल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. हिनं विचारलं, पस्तावा होते का? म्हणाल्या, आज होतो. उद्या सोमवार आहे, उद्या नाही होणार.

जानेवारीअखेर परत आलो. आता आमच्या नागपूरबद्दल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, इकडे बालाघाट-छिंदवाडा, एवढ्या सगळीकडची पोरं-पोरी मेडिकलची 'नीट', एमपीएससी, पोलीस भरतीसाठी इथं येतात. नंदनवन, हनुमाननगर, मानेवाडा, बजाजनगर, गल्लीगल्लीत खोल्या. एका खोलीत तीन कॉट, एका बोर्डवर दोन इंडक्शन आणि इस्त्री. नागपूरच्या माणसाला जेवू घालणं शिकवावं लागत नाही, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा रस्त्यारस्त्यावर पंगती बसतात, मीही वाढलं आहे. दोन दिवसांचं आपल्याला छान जमते. पण दर सोमवारी त्याच खोलीचं दार वाजवायला कोणी नसते. आणि त्याच गल्लीत आपण पेन्शनवाले तीन तीन तास बीपी आणि महागाई भत्त्यावर बोलून राहिलो.

आम्ही दोघांनी मार्चपासून सुरुवात केली. संस्था नाही, बॅनर नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपही नाही. ओळखीच्यांची पोरं जिथं राहतात अशा आठ खोल्या, दर सोमवारी चार. माझ्याकडे टेस्टर आणि पक्कड, हिच्याकडे डबा आणि वही. सुरुवातीला पोरांना वाटायचं घरच्यांनी हेरगिरीला पाठवलं. एकानं तर दारू लपवायला दहा मिनिटं दार उघडलं नाही, मी म्हटलं, बापू, मला तुझी बाटली नाही, तुझं अर्थिंग बघायचं आहे. आठपैकी पाच खोल्यांत अर्थिंग नव्हतंच, तीन पिनचा सॉकेट नुसता शोभेला. दोन ठिकाणी गॅस गिझर बाथरूमच्या आत. मुलींच्या खोलीत ही एकटी जाते, मी खाली उभा राहतो, हे लिहिणं गरजेचं आहे. आणि तिथं काय बोलतात ते ती मला सांगत नाही, एका मुलीला मात्र तिनं दोनदा दवाखान्यात नेऊन आणलं.

मालक लोकांचा त्रास आहेच. एकानं विचारलं, तुम्ही कोण, कॉर्पोरेशनचे का? मी म्हटलं नाही, रिटायर आहे. मग म्हणाला, रिटायर आहे तर घरी बसा. पण दुसऱ्या एका मालकानं माझ्यासमोर गिझर काढून बाहेरच्या गॅलरीत लावला आणि जाळीचा पुठ्ठा स्वतः फाडला. त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं एवढंच.

तर माझी मागणी साधी आहे. ऑक्टोबर संपायच्या आत तुमच्या शहर पानावर मोठ्या टाइपात एक चौकट छापा. गॅस गिझर आणि सिलिंडर बाथरूमच्या आत नको, बाहेर मोकळ्या हवेत लावा, वरची जाळी कधीच बंद करू नका, चक्कर आली की आधी दार उघडून बाहेर या. आणि पुरवणीत पुढच्या वेळी रिटायर लोकांवर लिहाल तेव्हा हास्यक्लबच्या शेजारी जरा जागा ठेवा.

लाखांदूरच्या त्या पोराच्या नव्या खोलीत मी कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा ऑनलाइन मागवून लावून दिला आहे. परवा रात्री सव्वादहाला त्याचा फोन, "काका, ते टुक टुक वाजून राहिलं." मी चप्पल न घालताच स्कूटर काढली. त्यानं तोवर जोडीदाराला उठवून खाली रस्त्यावर आणलं होतं, दोघं तिथंच उभे. वर जाऊन बघतो तर सेल संपले होते, मिनिटाला एकदा टुक करून सांगत होता. दुकानं बंद. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून त्यात बसवले. घड्याळ अजून साडेदहावरच आहे, या सोमवारी नवे सेल घेऊन जायचे आहेत.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
मानेवाडा, नागपूर